निरोगी माणसाच्या पाठीतल्या पाण्याबाबत चौथा अर्ज

प्रति,
मा. प्रमुख वैद्यकीय अधिकारी साहेब,
ज्येष्ठ निरोगी नागरिक तपासणी प्रकल्प, लातूर.

विषय : पाठीच्या कण्यातील पाण्याच्या अहवालावर ‘वयोमानानुसार ठीक’ एवढे लिहून मिळणेबाबत.
संदर्भ : माझे मागील तीन अर्ज. तिन्हींवर आवकचा शिक्का आहे, उत्तर नाही.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, माझे वय ७४, राहणार औसा. चाळीस वर्षे डाळ मिलमध्ये चाळणीवर काम करून घरी बसलो आहे. आपणास तपासणीसाठी निरोगी म्हातारी माणसे हवी होती, म्हणून फाल्गुनात येऊन पाठीतले पाणी दिले. सुई टोचताना हूं की चूं केले नाही.

अहवालात प्रोटीन ५८ आले. छापील मर्यादा ४५, म्हणून शेजारी लाल बाण. आपल्या डॉक्टर दिपाली मॅडम तोंडी म्हणाल्या, “काका, वयानं एवढं वाढतंच. पंचेचाळीस हा तरण्या माणसांचा आकडा आहे.” परंतु त्यांचे बोलणे दवाखान्यात राहिले आणि बाण घरी आला.

माझी सून वर्षाराणी हिने तो वाचला. प्रोटीन म्हणजे डाळ, असे ती शाळेत शिकलेली. त्या दिवसापासून माझे वरण बंद. पोर वाईट नाही, काळजीपोटी करते. डाळीचा आणि पाठीतल्या पाण्याचा संबंध नाही, असे सांगितले तर म्हणते, “मामा, डॉक्टरचं लिहून आणा, लगेच वाढते.”

तीन वेळा एसटीने आलो. खिडकीवरचे साहेब म्हणतात, डॉक्टर केसपेपरवरच लिहितात, केसपेपर आजारी माणसाचाच निघतो, आणि तुमचे नाव निरोगींच्या यादीत आहे. मी म्हणालो, मग आजारी लिहा. तर त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते. साहेब, निरोगी राहून लई थकलो.

एवढ्यावर गप्प बसलो असतो. परंतु माझी मंडळी साखराबाई हिने पन्नास वर्षे माझ्या ताटात जे पडले तेच स्वतः घेतले. माझे वरण बंद होताच तिनेही सोडले. गेल्या सोमवारी ती मोरीपाशी चक्कर येऊन पडली. तिचा केसपेपर पाच मिनिटांत निघाला. त्यावर लिहिले आहे : अशक्तपणा, दोन्ही वेळा डाळ द्यावी. वर्षाराणी वाटी घेऊन जवळ बसते. ही तोंड फिरवते आणि म्हणते, “आधी त्यांना वाढ.”

तरी माझ्या कागदावर एक ओळ लिहावी, म्हणजे ती जेवेल.

आपला, बाण सोडून बाकी ठणठणीत,
माणिकप्पा बसलिंगप्पा हलकुडे
औसा, दि. १२ ऑगस्ट

सोबत :
१) लाल बाणाचा अहवाल, झेरॉक्स.
२) साखराबाईचा केसपेपर, झेरॉक्स.
३) माझा पत्ता लिहून, तिकीट लावलेले रिकामे पाकीट.