तवांग, आष्टीच्या थोडं पुढं

चौसाळा, ९ नोव्हेंबर १९८६

चि. शहादेव यास माय केशरबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमी खुशाल हावोत, म्हंजे पाण्यावाचून माणूस जेवढं खुशाल राहतं तेवढं. तुझे अण्णा दूध संस्थेचे सचिव, त्यामुळं दुष्काळात त्यांना लई काम. संस्थेत दूध येत न्हाई, पण सभा नेमानं होतात. मागल्या सभेत दूध दुप्पट करायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. म्हशींचं मत कुणी घेतलं न्हाई.

कारण की, मी तवांगला यायचं ठरवलंय. चार वर्षं झाली, तू घरी आला न्हाईस. दर खेपेला रजा मंजूर न्हाई म्हणतोस. तवा मीच रजा काढली, घराची अन् तुझ्या अण्णांची. कोणती गाडी, कोणता घाट, कसला पास लागतो ते नीट कळव. 'पुढं बघू' असं लिहू नको, ते मला पाठ झालंय.

माया आटली न्हाई, तू बी आटू देऊ नको.
तुझी माय

---

तवांग, २ डिसेंबर १९८६

तीर्थरूप मायस शहादेवचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्याला यायला जेवढा वेळ लागला, त्यावरून तरी तुला अंतराचा अंदाज यावा.

मार्ग विचारलास म्हणून सांगतो. चौसाळ्याहून एस.टी.नं औरंगाबाद, पुढं मनमाड. तिथं हावड्याची गाडी मिळेल, जागा मिळणार नाही. हावड्याहून गुवाहाटी, तिथून बसनं तेजपूर. तेजपूरला 'इनर लाइन'चा पास काढायचा, कारण हा सरहद्दीचा मुलूख. आपल्याच देशात शिरायला आपल्यालाच परवानगी लागते. त्यासाठी फोटो, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, आणि कशासाठी जाता, कुणाकडं जाता याची उत्तरं. साहेब जागेवर असले तर पास मिळतो. ते जागेवर असल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढं भालुकपोंगच्या नाक्यावर तपासणी, मग बोमडिला, दिरांग आणि शेवटी सेला घाट. तिथं हवा इतकी विरळ की तरण्या गड्यालाही धाप लागते. हिवाळ्यात बर्फ. तो घाट उघडा ठेवणं आमच्या रस्त्याच्या खात्याचं काम आहे, म्हणजे बंदच समज.

ही नारायणगडाची जत्रा नव्हे, माय. शिवाय मी बराकीत राहतो, तिथं बाईमाणसाची सोय नाही. पुढच्या वर्षी मीच येतो.

अण्णांना जयभीम सांग. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा शहादेव

---

चौसाळा, २४ डिसेंबर १९८६

चि. शहादेव यास आशीर्वाद, यावेळी जरा मोजकेच. वि. वि.

तुझं भेव घालणारं पत्र मिळालं. पासाचं काय सांगतोस? इथं टँकरच्या रांगेत उभं राहायला बी चिठ्ठी लागती. अन् हवा कमी म्हणतोस, तर आमी सध्या हवाच खाऊन हावोत. थोडी कमी मिळाली तरी चालंल. दाखल्यासाठी बीडला गेलते. कारकुनानं विचारलं, तवांग कोण्या तालुक्यात येतं. मी म्हणलं, आष्टीच्या थोडं पुढं. त्यानं मान डोलावली अन् शिक्का मारला.

आता तुझ्या बराकीचं. नेकनूरचा बद्रीनाथ तुमच्याकडल्या पलटणीत हाय, तो लांब सुट्टीवर आलाय. त्यानं तुला तवांगच्या बाजारात पाहिलं. पाठीला लेकरू बांधलेलं, हातात कोबी, अन् बायको पुढं भाव करीत चाललेली. तुझ्या बराकीत बाईमाणसाची सोय बरी दिसती.

माजलगावच्या पाहुण्यांना आमी तुझ्यासाठी होकार दिलता. पहाडात संसार होत न्हाई असं तू कळवलंस, अन् त्या पोरीच्या मायपुढं मान खाली घालून मी बसले. ते मी गिळलं. पण मला नातवंड झालं हे परक्यानं सांगावं? कावून रे? अण्णा तर तवापासून म्हणतात, मला पोरगाच न्हाई.

बद्रीनाथ मार्चअखेर माघारी निघतो, त्याच्यासंगं मी येते. पास काढून ठेव.

लोभ भेटीनंतर ठरवीन.
तुझी माय

---

तवांग, १८ जानेवारी १९८७

तीर्थरूप मायस सविनय जयभीम. वि. वि.

कोबी नव्हता, मुळा होता. बाकी बद्रीनाथ खरं बोलला.

तिचं नाव पेमा. इथल्या दवाखान्यात नर्स आहे. घाटात दरड कोसळली तेव्हा माझ्या डोक्याला टाके तिनं घातले. तुम्ही काळजी कराल म्हणून ते कळवलं नाही. मग ज्या कारणानं ती भेटली तेच सांगितलं नव्हतं, तर पुढचं कसं सांगणार? मुलगी दीड वर्षाची आहे, नाव ल्हामू. तुझा पास काढणं सोपं, अण्णांच्या दारातून आत जायचा आमचा पास कोण देणार, हे मला उमजत नव्हतं.

तेजपूरला जाऊन आलो. साहेब चक्क जागेवर होते, मीच दचकलो. पास तिथं तयार मिळेल. दिरांगला पेमाची मावशी राहते. पेमा लेकीला घेऊन आधी तिथं उतरेल, मागून मी येतो, मग सगळेच मिळून घाट चढू. स्वेटर पाठवत नाही. तुझ्या पत्राची धग पाहता तुला थंडी वाजेलसं वाटत नाही.

वाट पाहतो आहे, हे मात्र थट्टेनं लिहिलेलं नाही.
तुझा शहादेव

---

दिरांग, ६ एप्रिल १९८७

शहादेवच्या अण्णांस केशरचा जयभीम. वि. वि.

मी पोचले. बद्रीनाथनं मावशीच्या दारापर्यंत सोडलं अन् तो पलटणीच्या इथल्या तळावर गेला. सेला घाटात अवेळी बर्फ पडलंय. रस्ता मोकळा ठेवणारा तुमचा पोरगा, रस्ता बंद म्हणून पलीकडं अडकलाय. त्याचं खातं अन् तुमची संस्था सख्ख्या बहिणी दिसतात.

वाटभर मी बोलणी जुळवीत आलते. हावड्यापासून तर एकेका शब्दाला धार लावली. दार उघडलं, सून पुढं आली. हात जोडून जयभीम म्हणाली. मग आठवून आठवून, हसऱ्या तोंडानं तिनं विचारलं, कावून उशीर केला बे?

आवो, तुमच्या पोरानं तिला मराठी शिकवली ती पलटणीतल्या गड्यांसंगं बोलतो तसली. तिला वाटतं 'बे' म्हंजे मानाचं. मी हसत उंबऱ्यावरच बसले, अन् हसता हसता रडाया लागले. लेकरू भिऊन मायमागं दडलं. मी काय बोलणार होते ते एक बी आठवंना.

तिची हिंदी इकडली, माझी निजामाच्या राज्यातली, तरी भागतंय. मला धाप लागली तर तिनं दटावून झोपवलं, नाडी पाहिली, गरम पाण्यानं पाय शेकले. नात आता माझ्या हातून खाती अन् झिंज्या बी ओढती. पेमानं विचारलं, अण्णा का आले न्हाईत. मी संस्थेचं काम सांगितलं. तिनं तुमच्यासाठी बी अंथरूण घालून ठेवलतं, ते गुमान उचललं. तवापासून मला घास गोड लागंना.

छप्पन सालापासून तुमी जात मोडा म्हणून गावोगाव भाषणं करता. पोरानं मोडली तर तुमीच तोंड फिरवलं. अन् ही तर पिढ्यान्‌पिढ्या बुद्धाची, आपण तिच्यापुढं कालचे.

घाट मोकळा झाला की काही दिवस मी वर राहीन. मग आमी सगळेच चौसाळ्याला येऊ. स्टँडवर न्यायला या. न्हाई आलात, तर सून भर बाजारात तुमाला हाक मारील, तिला येती तशी. मी तिची चूक दुरुस्त केली न्हाई, अन् करणार बी न्हाई.

राग कमी करा, माया होती तेवढीच ठेवा.
तुमची केशर