वरच्या बाथरूमचा कारभार

३ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी असाव्यात.

वरचा मजला पाहुण्यांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायचं ठरलं. मुलीचं लग्न झाल्यापासून तो रिकामाच होता. तिनेच ॲपवर घर टाकलं, फोटो टाकले, आणि खाली लिहिलं : ‘बाथरूममध्ये सर्व आवश्यक वस्तू मिळतील.’ या वाक्याचं गांभीर्य घरात माझ्याशिवाय कुणालाही कळलेलं नाही. चादरी, स्वयंपाकघर, चाव्या, पाहुण्यांशी बोलणं असली किरकोळ कामं हिच्याकडे. बाथरूम माझ्याकडे. मी स्वतःहून घेतलं.

ही म्हणाली, एक साबण, एक शाम्पू, दोन टॉवेल, टॉयलेट पेपर, झालं. मी नुसता हसलो. सत्तावीस वर्षं सेल्स ट्रेनिंगमध्ये काढली आहेत. ‘कस्टमरला खूश करू नका, थक्क करा’ हे वाक्य माझं. रिटायर झालो त्या दिवशी दोन जण तरी ते आठवून बोलले.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, प्लीज, जास्त काही करू नका. माझ्या तब्येतीची फार काळजी तिला.

५ मार्च
टूरवर असताना हॉटेलांतून जमवलेल्या छोट्या बाटल्यांची अख्खी सूटकेस माळ्यावर होती. दर साफसफाईत ही ती फेकायला निघायची. आज कोण बरोबर होतं ते दिसलं. वेताच्या टोपलीत उंचीनुसार मांडल्या. काही शाम्पू घट्ट झालेत. कोमट पाणी घालून हलवले. दोन हललेच नाहीत, ते मागे ठेवले. काहींवरची अक्षरं पुसली गेलीत. पण जाणकार माणूस वासावरून ओळखतो. एका बाटलीवरचं हॉटेल तर बंदसुद्धा पडलंय. म्हणजे अँटिक.

साफसफाईच्या बाई टोपलीकडे बघत राहिल्या. मग विचारलं, हे सगळं टाकायचं ना?

८ मार्च
पहिले पाहुणे येऊन गेले. नवरा-बायको, दोन दिवस. नवऱ्याने पायाला लावायच्या क्रीमने दाढी केली. चूक त्याची. वास घ्यायला हवा होता.

रिव्ह्यू आला : ‘घर स्वच्छ. काकू प्रेमळ. बाथरूममधल्या बाटल्या इंटरेस्टिंग.’ तीन स्टार. इंटरेस्टिंग! हा शब्द लोक सहसा म्युझियमसाठी वापरतात. स्टार कमी पडले ते बहुधा चादरींमुळे. हिला तसं सुचवलं. हिने उशीचा अभ्रा जरा जोरात झटकला.

१२ मार्च
मुलीचा फोन. त्या बाटल्या आजच्या आज काढा म्हणाली. मी तेच ठरवत होतो. जगभर आता भिंतीवर पंप बसवतात. एकदा बसवले की काम कायमचं संपलं. तीन आणले. प्लंबरची गरज नाही, ड्रिल मशीन घरात आहे.

१२ मार्च, दुपारी ३
भिंतीत नेमका तिथूनच पाइप गेलेला. कारंजं छान उडालं, पण गरम पाण्याचं. प्लंबर आला. विचारलं, इथे भोक कुणी पाडलं? मी म्हटलं, आधीच्या प्लंबरने. तो म्हणाला, या बाथरूमचं सगळं काम मीच केलंय. मी त्याच्यासाठी चहा सांगायला खाली गेलो.

१५ मार्च
पंप बसले. प्लंबरने बसवले, पण जागा मी दाखवली.

लेबलं जुन्या पद्धतीची नकोत. अक्षरंच नकोत. एका पंपावर पान, एकावर लाट, एकावर चंद्र. हिने विचारलं, अहो, शाम्पू कुठला हे कसं कळणार? मी म्हटलं, आतून कळतं. तर म्हणाली, आतून साबणाचा फेस कळतो फक्त. हिला डिझाइनचं अंग नाही.

मोठे कॅन आणून पंप भरले. मोरीत सगळे कॅन शेजारी शेजारी होते, जरा घाई झाली. पण रंगावरून बरोबर भरलेत.

१७ मार्च
पाहुणा तरुण, नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेला. सकाळी नऊला खाली आला, डोक्यावर टॉवेल. पानाचा पंप वापरला म्हणाला. मीही बोट लावून वास घेतला. लिंबाचा. भांडी घासायचं लिक्विड होतं.

ही त्याला तशीच बेसिनपाशी घेऊन गेली, आपल्या शाम्पूने त्याचं डोकं धुतलं, आईने धुवावं तसं. तोही मान खाली घालून उभा राहिला. निघताना तिच्या पाया पडला. माझ्याशी हात मिळवला नाही, घाईत असेल.

रिव्ह्यू : ‘केस कढईसारखे चकाकले. काकूंमुळे मुलाखतीला पोचलो.’ दोन स्टार. नोकरी मिळाली की नाही ते लिहिलं नाही. मिळाली असेल तर चकाकीमुळेच.

२० मार्च
रेटिंग घसरतंय. मुलगी म्हणाली, असंच चाललं तर आपलं घर यादीत शेवटच्या पानावर जाईल, बघणारही नाही कुणी.  फोन ठेवता ठेवता म्हणाली, बाबा, आईला या कामात किती दिवसांनी बरं वाटतंय, एवढं लक्षात ठेवा.

ठेवलं. म्हणूनच तर मी जिवाचं रान करतोय.

समोर डेंटिस्ट राहतात. खाली दवाखाना, वर पाहुण्यांसाठी खोली. रेटिंग चार पूर्णांक नऊ. म्हणजे काहीतरी गुपित आहे. उद्या दाढ दुखण्याचं निमित्त काढून जाणार.

२१ मार्च
दाढ काढली.

त्यांनी आधी फोटो काढला, कीड दाखवली, मला बोलायला तोंड मोकळंच ठेवलं नाही. कापूस दाबून धरल्याधरल्या विचारलं, पाहुण्यांच्या बाथरूममध्ये काय ठेवता? त्यांना तीनदा विचारावं लागलं तेव्हा कळलं. म्हणाले, छे हो, मी त्यात पडतच नाही, सगळं आमची ही बघते.

गुपित सांगायचं नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं.

२४ मार्च
दुखणं कमी. डोकं साफ. उत्तर सापडलं : स्वतःचा साबण. बाजारात साबणाची लादी मिळते, वितळवायची, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायची. हिचे केकचे साचे आणि दुधाचं पातेलं घेतलं. तपकिरी रंग, वर पांढरा थर, व्हॅनिलाचा वास. अप्रतिम. दूध आता चार दिवस व्हॅनिलाचं लागेल, ते बोनस.

ही दुपारपासून जेवणापर्यंत बोलली नाही. भारावली असावी.

२७ मार्च
पाहुणे : एक बाई आणि त्यांचे वडील. वडिलांचं काल डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच कमी दिसतं. पहिली नजर साबणावर पडावी म्हणून झालरीच्या कागदात घालून चहाच्या टेबलावर ठेवला होता.

आजोबांनी खाल्ला. अर्धा. त्यांची मुलगी औषधं आणायला गेली होती. परत आली तर हे तोंडातून फेस काढत बसलेले. म्हणाले, केक जरा कडवट आहे, पण घरच्यांनी प्रेमाने ठेवलाय, टाकायचा कसा?

डॉक्टरांना फोन. तोंड धुवा, पाणी प्यायला द्या, लक्ष ठेवा, काळजीचं नाही म्हणाले. त्यांची मुलगी जिन्यात बसून रडली. ही संध्याकाळपर्यंत वरच होती. खाली आली, माझ्यासमोरचं ताट सरळ केलं आणि म्हणाली, ‘अहो, त्यांना काही झालं असतं तर?’

मी सांगणार होतो की खायचा नाही अशी चिठ्ठी पुढच्या वेळी लावतो. सांगितलं नाही. जेवण गेलं नाही फारसं. दाढेमुळे.

२९ मार्च
नव्याने सुरुवात. साबण चौकोनी केले. पंपांवर मोठ्या अक्षरांत नावं. टोपली ठेवली, पण बाटल्यांतल्या निवडकच. सोबत माझं स्वागतपत्र, दोन पानी, ‘स्नान : एक अनुभव’. हिने सगळं पाहिलं. म्हणाली, छान. एवढंच. सत्तावीस वर्षांच्या ट्रेनिंगमध्ये शिकलो, कस्टमर वाद घालायचा थांबला की माल विकला गेला.

फक्त एक अट घातली. पाहुणे असताना वर जायचं नाही, त्यांना संकोच वाटतो. बरोबर आहे. माझा दबदबा आहेच तसा.

६ एप्रिल
पाच स्टार! ‘बाथरूममध्ये शिरताच जाणवलं, इथे कुणीतरी आपला विचार केलाय.’ तीनदा वाचलं. एकदा हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, हो का?

११ एप्रिल
परत पाच. ‘बाळासाठी वेगळा साबण, बिनवासाचा!’ माझा साबण व्हॅनिलाचा आहे. बाळांना वास कळत नसावा.

१६ एप्रिल
लागोपाठ तिसरे पाच. ‘ब्रश घरी विसरलो होतो, कंगवाही. सगळं होतं.’ ब्रश ठेवल्याचं आठवत नाही. पण इतक्या गोष्टी केल्या की सगळ्या कुठे आठवणार. आजोबांच्या मुलीने दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुन्हा आपलंच घर बुक केलं. साबण आवडला असणार.

१९ एप्रिल
ठरलं. गल्लीतल्या सगळ्या घरमालकांसाठी वर्ग घेणार. विषय : ‘थक्क करणारं बाथरूम’. डेंटिस्टांना पहिलं निमंत्रण. मुलीला सांगितलं तर ती फोनवर खोकायला लागली, बराच वेळ. तिच्याही तब्येतीकडे बघायला हवं.

२३ एप्रिल, सकाळी ११.४०
आजोबा आणि त्यांची मुलगी काल आले. आता ऑपरेशनला दवाखान्यात गेलेत. मुलीने निघताना सांगितलं, काका, वरचा नळ गळतोय. ही बाजारात. पाहुणे घरात नाहीत, म्हणजे अट मोडत नाही. पाना घेऊन वर जातो. वर्गासाठी फोटोही होतील.

२३ एप्रिल, दुपारी १
नळ बंद केला. वॉशर गेलं होतं.

बाथरूम माझं नव्हतं. टोपली नाही, स्वागतपत्र नाही. शेल्फवर एक पांढरा साबण, कागदात. एक शाम्पू, झाकणाला रबर बँड गुंडाळलेलं, म्हणजे न बघता हाताला कळावं. न फुटणारा मग. आजोबांना बसून अंघोळ करता यावी म्हणून आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल, पायांना रबरी बुचं लावलेली. डोळ्यात पाणी जायला नको म्हणून पाच-सहा मऊ फडकी, घड्या घालून. पंपांवर हिच्या जुन्या ओढणीचं कापड बांधलेलं, चुकून कुणी दाबू नये म्हणून. एका डब्यात ब्रश, कंगवे, पॅड, सेफ्टी पिना. आणि हिच्या अक्षरात छोटी चिठ्ठी : ‘आणखी काही लागलं तर हाक मारा. मी खालीच आहे.’

माझं सगळं माळ्यावर. खोक्यात. प्रत्येक साबण वेगळ्या कागदात, बाटल्या उंचीनुसार. खोक्यावर लिहिलंय : ‘ह्यांचं. पाहुणे गेल्यावर जसंच्या तसं परत मांडणे.’ खाली बाईंसाठी चित्र काढलंय, कुठली बाटली कुठे.

म्हणजे दर वेळी काढायचं आणि दर वेळी लावायचं. त्या जिन्यावरून. गुडघे दुखतात हिचे.

२३ एप्रिल, संध्याकाळी
वर्ग रद्द. डेंटिस्टांना घसा बसल्याचं सांगितलं. त्यांनी गोळ्या पाठवल्या.

जेवताना हिने विचारलं, नळ दुरुस्त झाला? म्हटलं, झाला. वर आणखी काही बघितलंत? म्हटलं, नळच बघितला. हिने वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. दोन पोळ्या जास्त वाढल्या.

२६ एप्रिल
आजोबा आज घरी परत गेले. पट्टी निघाली होती. निघताना हिला म्हणाले, आता नीट दिसतेस गं पोरी. मग माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?

२८ एप्रिल, सकाळी ८
नवे पाहुणे बाराला. बाईंनी माझं सगळं परवाच परत मांडलेलं, चित्राप्रमाणे, एक बाटली इकडची तिकडे नाही.

हिच्या आधी वर गेलो. सगळं काढलं. खोक्यात भरलं. खोकं माळ्यावर चढवलं. स्वागतपत्र फाडलं. एकच पान फाडलं. दुसरं चांगलं आहे.

ही वर आली. रिकामं शेल्फ बघितलं. मग माझ्याकडे.  हातातली पिशवी पुढे केली.

‘साबण डावीकडे ठेवा. आणि डोकं चालवू नका.’

ठेवला.