धुण्याच्या मशीनआडची प्रार्थना

खर्डा, ९ सप्टेंबर २०२४

चि. शांतवन यास एस्तेरताईचे आशीर्वाद व ख्रिस्तात सलाम, वि. वि.

मी सुखरूप पोचले. खुशाली संपली. फोनवर तू ‘वर्गावर आहे’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहिते. कागद मधेच तोडता येत नाही.

परवा दिवेलागणीला आई दिसेना, म्हणून तुझा फ्लॅट पालथा घातला. सापडली मागच्या गॅलरीत, दार लावून, धुण्याच्या मशीनला टेकून. मशीन घरघरत होतं आणि ती डोळे मिटून गात होती. झाकण उघडून पाहिलं, तर आत एक रुमालसुद्धा नव्हता! विचारलं, तर म्हणाली, आवाज खाली जाऊ नये म्हणून लावते.

लाज वाटली मला तुझी. या बाईने दिवेलागणीची प्रार्थना जन्मात चुकवली नाही. दादांना माती देऊन आपण बापाविना घरी परतलो त्या संध्याकाळीही तिने आपल्याला चटईवर बसवलं. तू हुंदके देत होतास, तरी तुझं दुसरं कडवं तुझ्याकडूनच म्हणवून घेतलं, माझं तिसरं माझ्याकडून. त्याच पायावर आपण उभे राहिलो, मास्तर झालो. आणि तू तो पायाच गॅलरीत कोंडलास? गणपतीत सोसायटीच्या आरतीला तू हौसेने जातोस. जावंच, शेजारधर्म आहे. मग शेजाऱ्यांना आपल्या आईचं गाणं का जड व्हावं?

पुढच्या महिन्यात येऊन तिला घेऊन जाईन. लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

एस्तेर

सावेडी, १६ सप्टेंबर २०२४

ती. ताईस शांतवनचा सा. सलाम, वि. वि.

पत्र पोचलं, फटकेही पोचले. आता माझं ऐक. तिकडे चर्चभोवती आपली अकरा घरं आहेत. इथे बत्तीस फ्लॅटांत आपलं घर एकच. जूनमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी भागवत यांनी जिन्यात थांबवून विचारलं, सर, रोज संध्याकाळी तुमच्याकडे कोण जमतं? हसत विचारलं, पण मला त्यात धर्मांतराचा संशय ऐकू आला. म्हातारी आई गाते, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, मोबाईल लागलेला असतो. हो, खोटं बोललो. घरी येऊन आईला हे सांगितलं आणि आवाज कमी कर म्हणालो. मशीन तिने आपल्या मनाने लावलं.

दुरून संतापायला काय जातं? तिच्या गुडघ्यांना रोज तेल कोण लावतं? रात्री-अपरात्री दुखलं, तर खर्ड्याहून जामखेडच्या दवाखान्यात कोण पळवणार? आई कुठेही जाणार नाही. राग काय तुला एकटीलाच येतो?

कळावे.
शांतवन

सावेडी, ७ ऑक्टोबर २०२४

(आत्या, तुझं पत्र आजीला मीच वाचून दाखवलं. आजी बोलली तसंच लिहिलं आहे. एक प्रत बाबांच्या उशीवर ठेवली आहे. – कृपा)

एस्तेर, शांतवन, दोघांला आईचा आशीर्वाद.

माझी वाटनी करायला मी काय शेत हाय व्हय? एक म्हनते नेते, दुसरा म्हनतो ठेवतो. मला कुनी इचारलं न्हाई.

काल चर्चात प्रभुभोजन हुतं. भाकरीचं ताट माझ्याम्होरं आलं आन् मी तसंच पुढं दिलं. साठ वर्सांत पयल्यांदा. पोरावर राग धरून त्या भाकरीला हात लावायचा न्हाई, हे तुमच्या दादांनी शिकवलंय. शांतवन, तू शेजारीच हुतास. तू मात्र घेतलीस, आन् मी का न्हाई घेतली ते इचारलंबी न्हाईस!

तू भ्यालास, त्याचा मला राग न्हाई. भ्या कुनाला वाटत न्हाई? पर मी गाते ते तू मोबाईल म्हनून सांगितलंस. जित्या आईला यंत्र केलंस. मग म्हनलं, यंत्रच लावू.

जा आन् भागवतांला खरं सांग. आन् एस्तेर, भावाला लाज काढायची चिठ्ठी लिहितीस, आन् माझ्यासंगं गॅलरीत बसून एक कडवं तरी म्हनलंस का? झाकन उघडून बघत बसलीस.

प्रभू दोघांला अक्कल देवो.

तुमची आई

सावेडी, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई, सप्रेम सलाम, वि. वि.

जवळजवळ चार आठवडे मी आईशी आणि आई माझ्याशी बोलली नाही. शेवटी शनिवारी भागवतांकडे गेलो. म्हणालो, तेव्हा खोटं बोललो, माझी आई प्रार्थनेची गाणी म्हणते आणि उद्यापासून दार उघडं ठेवून म्हणेल. ते ‘बरं बरं’ म्हणाले आणि टाकीच्या पाण्याचं काढलं. ताई, त्या ‘बरं बरं’साठी मी चार महिने आईला मशीनआड बसवलं! हा राग आता कुणावर काढू?

काल प्रभुभोजन होतं. आईने भाकरीचा तुकडा उचलला, पण खाल्ला नाही. ताट माझ्यापुढे आलं. मला हात उचलवेना, मी ते पुढे सरकवायला लागलो. तिने दुसऱ्या हाताने ते घट्ट धरलं. पाळकसाहेब थांबले, सगळी मंडळी थांबली. मी घेतल्यावरच तिने आपला तुकडा तोंडात घातला.

संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून बसलो. दुसरं कडवं मी म्हटलं. तुझ्या तिसऱ्याला आई गप्प झाली. कृपा म्हणायला लागली, तर तिला हाताने थांबवलं आणि दाराकडे बघत राहिली.

रागावलेली असलीस तरी तशीच ये.

तुझा
शांतवन