प्रसूतिगृहापुढे एक हजार

आई, मागच्या महिन्यात मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात नगराध्यक्ष म्हणाले, "ताईंनी इतकी वर्षं पालिकेचं अंदाजपत्रक सांभाळलं, एकदाही तूट दाखवली नाही." टाळ्या वाजल्या. मी शाल आणि नारळ घेऊन घरी आले आणि न जेवता पडून राहिले. तुला जाऊन पंधरा वर्षं होत आली. तू गेल्यावर काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलेलं नाही.

गावात मला अजूनही 'नर्सबाईंची मुलगी' म्हणतात. भाजीबाजारामागचं पालिकेचं प्रसूतिगृह, तीन खोल्या, आठ खाटा. आमचं बालपण तुझ्या तिथल्या पाळ्यांवर चाललं. स्वयंपाकघरात तुला मी निवांत बसून जेवताना पाहिल्याचं आठवत नाही. भाकरी तव्यावर असते, दारात कुणीतरी धापा टाकत उभं असतं, आणि तू हात पुसत चपला शोधतेस. "ती उलट गं, करपेल," एवढं म्हणून निघून जातेस. नऊ वर्षांची मी उलथनं घेऊन उभी. भाकरी करपायचीच. तू परत आल्यावर तीच खायचीस आणि खाता खाता सांगायचीस, "मुलगी झाली. रडली बाई एकदाची."

मला पालिकेत लेखा विभागात नोकरी लागली तेव्हा तू नाशिकला मेनरोडवर जाऊन टेबलफॅन आणलास. आमच्या खोलीवर पत्रे होते आणि अंदाजपत्रकाचं काम ऐन फेब्रुवारी-मार्चमधलं. तो लावला की कागद खोलीभर उडायचे, म्हणून ज्या महिन्यांत त्याची गरज होती त्याच महिन्यांत तो बंद ठेवावा लागायचा. तू विचारायचीस, "वारा लागतो ना?" मी म्हणायचे, "लागतो की."

आणि तू मला बोललीस तो दिवस. मी वसुलीच्या पथकाबरोबर गेले होते. एका घराची तीन वर्षांची घरपट्टी थकली होती, आम्ही त्यांचा नळ तोडला. संध्याकाळी तू दारातच उभी होतीस.

"बाळंतीण आहे त्या घरात. आठवा दिवस आहे तिचा. तू नळ तोडलास?"

"मी नाही तोडला, पथकानं तोडला. नियम आहे, आई."

"तू तिथं होतीस ना?"

तू दोन हंडे उचललेस आणि आपल्या नळाचं पाणी त्यांच्याकडे नेऊन ओतलंस. तीन खेपा केल्यास. मी मदतीला येऊ लागले तर म्हणालीस, "तू नको. तुझा नियम मोडेल." मग चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोललीस. पाचव्या दिवशी त्यांनी निम्मी रक्कम भरली, नळ जोडला गेला, आणि तू माझ्या ताटात गूळ-शेंगदाण्याचा लाडू ठेवलास. तो विषय पुन्हा काढला नाहीस.

तू गेल्यावर चार वर्षांनी जकात बंद झाली. मनमाड रस्त्यावरचा नाका उठला. कांद्याचे, खताचे, सिमेंटचे ट्रक न थांबता जाऊ लागले, लोकांना बरं वाटलं. पण आपले पगार त्या नाक्यावर व्हायचे. जकातीच्या बदल्यात सरकार अनुदान द्यायचं; ते कमी यायचं आणि उशिरा यायचं. नाक्यावरची माणसं मात्र आमच्याच गळ्यात राहिली. घरपट्टी वाढवावी, तर कायद्यानं घातलेल्या कमाल दराला आम्ही आधीच टेकलो होतो. एकच वाट होती. घरं नव्यानं मोजायची आणि आकारणी दुरुस्त करायची. द्राक्षाच्या पैशावर गावात दोन-दोन मजले चढले होते आणि आमच्या रजिस्टरात ती अजून पत्र्याची घरं होती. मी तसा प्रस्ताव तयार करून सभेपुढे ठेवला. निवडणूक तोंडावर आलेली. एक सभासद उठून म्हणाले, "ताई, आम्हाला घरी बसवायचा विचार हाय का?" सगळे हसले. प्रस्ताव तहकूब झाला. पुढच्या वर्षी पुन्हा ठेवला, पुन्हा तहकूब.

दुसऱ्या तहकुबीनंतरच्या आठवड्यातली ती दुपार. मुख्याधिकारी साहेब आणि मी समोरासमोर बसलो आहोत. तुटीचं अंदाजपत्रक मांडता येत नाही, थोडी का होईना शिल्लक दाखवावीच लागते. आम्ही सकाळपासून पेन्सिलीनं खोडतो आहोत. पगाराला हात लावता येत नाही. पंपाचं वीजबिल थकवलं तर गावाचं पाणी बंद. पाणीयोजनेच्या कर्जाचा हप्ता तर अनुदानातून परस्परच कापून जातो. रस्त्यांच्या डांबराचे पैसे आधीच काढलेत, दिव्यांचे बल्ब निम्मे केलेत. तरी जुळत नाही.

साहेबांचं बोट खाली खाली येत प्रसूतिगृहाच्या ओळीवर थांबलं. "ग्रामीण रुग्णालय मंजूर झालंय ना आपल्याला?"

"मंजूर आहे, साहेब. जागेवर अजून पाया पण खणलेला नाही."

"होईल की. आणि आपण बंद करतच नाही आहोत. लाक्षणिक तरतूद ठेवा. एक हजार लिहा." लाक्षणिक म्हणजे नावापुरती. वर्षभराच्या औषधांना, कापसाला, रोजंदारीच्या आयांना मिळून एक हजार रुपये. रिकाम्या होणाऱ्या जागा भरायच्या नाहीत.

साहेब वाईट नव्हते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या आई तिथं होत्या ना? मी लिहू का?"

मी म्हणाले, "नको साहेब. अक्षर बदललेलं दिसेल."

आणि मी लिहिलं. त्या एका ओळीनं अंदाजपत्रक जुळलं. सभेत पान वाचलं गेलं तेव्हा मी मान खाली घालून थांबले होते, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. अंदाजपत्रक मंजूर झालं, पेढे वाटले.

प्रसूतिगृह बंद करायचा ठराव कधीच झाला नाही, आई. एक सिस्टर निवृत्त झाल्या, दुसऱ्या एकट्या उरल्या. तुझ्याबरोबर काम केलेली आया माझ्या टेबलाशी यायची. "फिनेल नाय, कापूस नाय बाई. बाळंतिणीला ठिवायचं कशावर?" मी साहेबांना टिपणी लिहिली, दोनदा. माझ्या पैशानं कापसाचे गठ्ठे घेऊन दिले, फिनेलचा डबा दिला. मग तिची रोजंदारीच संपली आणि तिचं येणं थांबलं. मी गठ्ठे द्यायचं थांबवलं.

पुढच्या वर्षी, द्राक्षाच्या हंगामात, बाजारातली एक भाजीवाली बरेच दिवस दिसली नाही. मी तिच्याकडूनच मेथी घ्यायचे. परत आली तेव्हा मी सहज विचारलं, "कुठं होतीस गं?"

"सुनेला घेऊन गेलते दवाखान्यात," ती जुडी बांधता बांधता म्हणाली. "दुपारी कळा सुरू झाल्या. भाजीबाजारामागं नेलं तर कुलूप. एकच नर्स उरली हाय, ती लग्नाला मनमाडला गेलेली. क्रेटची पिकअप थांबवली, तिच्यात टाकून नाशकाला निघालो. आडगावच्या अलीकडंच मोकळी झाली, गाडीत. सून वाचली. लेकरू नाय रडलं."

मी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"तुमच्या आईच्या हातचा हाय माझा लेक," ती म्हणाली. "पायाळू व्हता. त्यांनी मला सोडवलं. आता त्याच्याच लेकराला कुलूप. कोणी केलं ओ बाई असं? तुम्ही तर कचेरीतच असता."

मी म्हणाले, "वरून आलं."

"मंग तुमचा काय दोष," असं म्हणून तिनं माझ्या पिशवीत मेथीची एक जुडी जास्तीची टाकली. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मी दोन्ही जुड्या निवडल्या. शिजवल्या नाहीत.

त्या वर्षी मी प्रसूतिगृहापुढे जुनी रक्कम लिहून नेली. साहेब बदललेले होते. नव्या साहेबांनी विचारलं, "उत्पन्न कुठून दाखवता?" फेरआकारणी पुन्हा तहकूब झालेली. त्यांनी खोडून एक हजार केलं, आणि त्यापुढची सगळी वर्षं मीच करत राहिले. ग्रामीण रुग्णालय पुढे उभं राहिलं, गावाबाहेर, चांगलं आहे. तुझ्या तीन खोल्यांमध्ये आता मच्छरदाण्या आणि मतपेट्या ठेवतात. त्या भाजीवालीच्या सुनेला नंतर एक मुलगी झाली म्हणे. मला हे दुसऱ्याकडून कळलं, कारण मेथी दिली त्या दिवसानंतर मी तिच्या बाजूनं जात नाही. वळसा घालून मागच्या गल्लीतून भाजी घेते.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला माहीत आहे. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. हे मी कुणाला दाखवणार नाही. तुझ्या फोटोपुढेही ठेवणार नाही. फक्त एक सांगते. त्या दुपारी तो आकडा लिहून झाल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हे, की बरं झालं, आई आता नाही.