उशिरा येणाऱ्याची घागर

बाई, काल मी अंबाजोगाईत आले. तुमच्याच शाळेने मला मराठी शिकवायला बोलावले आहे. "शिकून परत ये," असे तुम्ही म्हणाला होतात. पण होकार देण्यापूर्वी हे गाव आपले उरले आहे का, ते एकदा पाहावेसे वाटले.

दुष्काळाच्या त्या वर्षी साखर कारखान्याचा टँकर आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. पहाटेच घागरींची रांग लागे. माणसे कामाला निघून जात, घागर त्यांचा नंबर धरून बसे, आणि दुसऱ्याची घागर कोणी हलवत नसे. त्या रांगेत तुमच्या दोन घागरी असत: एक तुमची, दुसरी कोणाचीच नाही. शेजारच्या मावशी एकदा कडाडल्या, "बाई, ही बेवारशी घागर कावून भरायलाव? हितं आमच्या नरड्याला कोरड पडलीय!" वर्गात शुद्ध भाषेसाठी आम्हाला रडवणाऱ्या तुम्ही रांगेत मात्र गल्लीचीच बोली बोलायचात. "बेवारशी न्हाई, मावशी. ज्याला यायला उशीर झाला, त्याची हाय." "मग त्याला म्हणावं, आमच्या सुनेवानी लोळत पडू नको!" सगळी रांग हसते. आणि पुस्तकात गुंतून उशीर झालेली मी, रिकामी कळशी घेऊन, रित्या टँकरमागे उभी आहे. तुम्ही काहीच विचारत नाही. ती घागर माझ्या कळशीत ओतता आणि एवढेच म्हणता, "सांडू नको." दुसऱ्या दिवसापासून त्या घागरीला रांगेत जागा मावशीच धरू लागल्या.

आज गल्लीत रांग नाही. घरोघरी लोखंडी फाटके आली आहेत आणि त्यांच्यापुढे पाण्याचे निळे जार. टंचाईचे हाल सरले, याचा आनंदच मानायला हवा. पण मावशींच्या घराच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या घरापाशी मी प्यायला पाणी मागितले, तेव्हा फाटक न उघडताच एक मुलगी म्हणाली, "जार संपलाय. कोपऱ्यावर बाटली भेटंल." तिचे काही चुकले नाही, ती मला ओळखत नव्हती. तुमच्या घागरीने मात्र कोणाची ओळख विचारली नव्हती. त्या फाटकापाशीच माझे ठरले.

दुपारी मी शाळेला होकार कळवला आणि बाजारातून एक घागर घेतली. भाड्याच्या खोलीबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ठेवायची म्हणूनच घेतली. तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र कोणत्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते: घागर घासली आहे, भरली आहे, झाकून ठेवली आहे. पण अजून उंबऱ्याच्या आतच आहे. लोक काय म्हणतील, याची मला लाज वाटते आहे, बाई.