लावणीला बाई पाठवली आहे

पोशीर, ता. ९ जून १९६८

तीर्थस्वरूप विमलताईंना,
शकूचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुम्ही कर्जतहून पाठवलेले डिंकाचे लाडू पोचले. सासरच्या माणसाने बाळंतिणीच्या तोंडात पडेल असं काही पाठवलं, ते हे पहिलंच. बाकी सगळी झबली, टोपडी आणि वाळे. ते मला होत नाहीत.

काल तुमच्या भावाचं कार्ड आलं, माझ्या बाबांच्या नावे. बाबांना वाचता येत नाही, त्यामुळे पोस्टमनने ओट्यावर उभं राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं वाचलं. मालोजी खुशाल असेल, अंग धरलं का ते कळवावे, पेरण्या झाल्या, यंदा लावणीला बाई कमी आहे, तरी महिनाअखेर धाकलूकाकांना धाडतो, त्यांच्याबरोबर पाठवून द्यावे. संपलं कार्ड. लग्नानंतर पहिल्या पंचमीला मी इथे आले होते, तेव्हा आठ दिवसांत तीन बंद पाकिटं आली होती. हाच पोस्टमन तेव्हा गालातल्या गालात हसत असे.

बारशाला हे आले, तेव्हा पाऊण तास पाळण्याशी उभे होते. नाक कुणाचं, कान कुणाचे, यावर पंचायत भरली. माझ्याशी एकच बोलणं झालं, की दूध पुरतं ना. म्हशीच्या बाजारात गिऱ्हाईक विचारतं तसं. नशीब माझं, दात मोजले नाहीत.

ताई, दोन दिवस मी कळा खाल्ल्या. बायजा सुईणीने हात टेकले, मग टेंपोत घालून कर्जतच्या दवाखान्यात आणलं. चिमटा लावून पोर ओढून काढलं. मी जगेन असं कुणालाच वाटत नव्हतं. तरी जगले, पण ही बातमी सासरी लोधिवलीपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. माझं कसं काय, हे यांनी अडीच महिन्यांत एकदाही विचारलं नाही. विचारीपर्यंत मी इथून हलणार नाही. तुम्ही मात्र त्यांना हे सांगू नका. शिकवून पाठवलेला प्रश्न मला नको.

सासूबाई माझ्यावर रागावल्या, तरी तुम्ही रागावू नका, एवढंच मागणं.

तुमची,
शकू


कर्जत, ता. १६ जून १९६८

चि. सौ. शकूस,
विमलताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि मग चूल विझली तरी बसून राहिले. मला पहिली मुलगी झाली, तेव्हा आमच्या घरातल्यांनी सव्वा महिन्याने मला पहिला प्रश्न विचारला, तो लोणच्याची बरणी कुठे ठेवलीस हा. मी उठून बरणी काढून दिली. तिथेच चुकले. सोळा वर्षं झाली, अजून बरण्याच काढून देते आहे.

आई परवा येऊन गेली. तिचं म्हणणं, आमच्या टायमाला ही थेरं नव्हती, महिन्याभरात आमी चिखलात उतरायचो. उतरत होती, खरं आहे. म्हणूनच आज भिंत धरून चालते, ते मात्र सांगत नाही. आणि आमचा पदू! लहानपणी पायात काटा रुतला तर गाव गोळा करणारा. त्याला नऊ महिने काय, नऊ मिनिटं कुणी पोटात काही ठेवायला दिलं असतं, तर पनवेलपर्यंत बोंब ऐकू गेली असती.

शकू, तुला एक गोष्ट ठाऊक नाही. त्या दिवशी दवाखान्यात मी होते. तिथे जे झालं ते सगळ्यांनी तुझ्यापासून लपवलं आहे. मीही लपवलं, त्याची लाज वाटते. पण ते त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. मी त्याला तसा निरोप धाडणार आहे. तू मागितलेल्या प्रश्नाबद्दल अवाक्षर काढणार नाही. तोवर हलू नकोस.

मालोजीचा पापा घे. आणि लाडू तूच खा, पाहुण्यांना वाटत बसू नकोस.

तुझी,
विमलताई


पोशीर, ता. २ जुलै १९६८

चि. मालोजीच्या वडिलांना,
मालोजीच्या आईचा नमस्कार.

आपण कळवलंत, की लावणीला बाई कमी आहे. म्हणून बाई पाठवली आहे. धाकलूकाकांबरोबर येते आहे, तिचं नाव ठकी. आमच्या आळीतली आहे. तिचा भाऊ तुमच्या जवळच्या चौक गावात असतो, मुक्काम त्याच्याकडे करील, दिवस उजाडता आपल्या शेतावर येईल. हात माझ्यापेक्षा चपळ आहे. कंबर शाबूत, टाके पडलेले नाहीत, अंगावर पिणारं मूल नाही. चिखलात दिवसभर वाकली तरी संध्याकाळी तिला रक्त जात नाही. मजुरी रोजच्या रोज द्यावी, कारण ती घरची नाही.

काका फार गयावया करत होते, की घरी काय तोंड दाखवू. मी म्हटलं, ठकीचं दाखवा.

मालोजीने अंग चांगलं धरलं आहे. आपण तेवढंच विचारलं होतंत, म्हणून तेवढंच कळवते.

मालोजीची आई


लोधिवली, ता. १९ जुलै १९६८

सौ. शकूस आशीर्वाद.

ठकीबाय कामाला वाघीण आहे. लावणी निम्म्यावर आली. रसायनीच्या कारखान्यात कामाला जाणारे बांधावरून जाताना हसतात, की पदूच्या बायकोने बदली कामगार दिला. आईने तीन दिवस तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी ठकीचं कौतुक करायला लागली. मला मात्र तिच्याकडे बघवत नाही. ती वाकली की वाटतं, इथे तुला वाकवणार होतो.

विमलताईचा निरोप होता, की तुझ्या तोंडाने सांग, नाहीतर माझ्या दारात येऊ नको. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. मी चौथी शिकलेला माणूस, जसं येतं तसं लिहितो.

त्या दिवशी डॉक्टरांनी कागद पुढे केला. नवऱ्याची सही पाहिजे म्हणाले, बाईच्या जिवाचं सांगता येत नाही. आतून तुझं ओरडणं येत होतं. पेन माझ्या हातात होतं. मी ते खिशाला लावलं आणि बाहेर आलो. पाय नेतील तसा गेलो आणि स्टेशनात बाकावर बसलो. चार गाड्या आल्या आणि गेल्या. तिकडे तुझ्या बाबांनी अंगठा दिला. मी औषध आणायला गेलो होतो, असं तुला सांगितलं. मी औषध नाय आणलं.

परत आलो, तेव्हा पोर रडत होतं आणि तू डोळे मिटून पडली होतीस. मला वाटलं, तू गेलीस. त्या दिवसापासून पोराकडे बघता येतं. तुझ्याकडे बघितलं, की तो कोरा कागद दिसतो. म्हणून बाबांच्या नावे कार्ड लिहीत होतो.

तुला लई दुखलं का गं? अजून दुखतं का?

रागाने का होईना, उत्तर दे.

पदू


पोशीर, ता. २३ जुलै १९६८

यांसी,
शकूचा नमस्कार.

आलं म्हणायचं वरातीमागून घोडं. चार महिन्यांनी विचारता, दुखलं का. हो, दुखलं. अजूनही बसताना दुखतं. आणि पेन खिशाला लावलंत! बायको मरायला टेकलेली, पण पेन हरवता कामा नये. एवढी शिस्त आमच्या बाबांकडे नाही, त्यांनी नुसताच अंगठा दिला.

पत्र वाचून इतका संताप आला, की मालोजीला आईच्या मांडीवर टाकून मी पावसात अंगणात जाऊन उभी राहिले. पळावंसं मलाही वाटत होतं. त्या टेबलावरून उठावं आणि स्टेशनापर्यंत काय, मुंबईपर्यंत धावत सुटावं, असं वाटत होतं. पण ज्याच्यापासून पळायचं, ते माझ्याच पोटात होतं. तुम्हाला बाक मिळाला. मला नाही मिळाला.

तरी पळालात, याचा राग कमी आहे. माणूस भितो. पण परत आल्यावरही तुम्ही पळतच राहिलात. मी इथे रोज विचार करत होते, की माझं काय चुकलं. मूल दिलं आणि माझं काम संपलं, म्हणून हे माझ्याकडे बघत नाहीत, असंच धरून चालले होते. अंगावर दूध पाजताना रडले आहे. त्याची सही कुणी करायची?

येत्या रविवारी या. एकटे या. काकांना आणू नका आणि आईंचा निरोपही आणू नका. शेत ठकी बघेल. मालोजीला घेऊन माझी आई शेजारी जाऊन बसेल. मी पहिल्या कळेपासून सगळं सांगणार आहे. सुईण काय बोलली, टेंपोत काय झालं, कुणी माझे पाय धरले, चिमटा लावला तेव्हा मी कुणाच्या नावाने ओरडले, सगळं. तुम्ही समोर बसायचं. मध्येच पाणी मागायचं नाही, पान लावायला उठायचं नाही, एस.टी. चुकेल म्हणायचं नाही आणि रडायचंही नाही, कारण मग मलाच समजूत घालावी लागेल. नुसतं ऐकायचं. शेवटपर्यंत बसलात, तर परत जाताना आपण तिघं असू. मध्येच उठलात, तर दार उघडंच आहे. रस्ता तुम्हाला माहीत आहे.

माझा लोभ अजून आटलेला नाही. त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग येतो.

शकू