अमावास्या पाळणारा ज्वालामुखी

कागल,
१६ डिसेंबर १९८८

प्रिय आक्का,

विमलाचा वाकून नमस्कार. (आई शेजारी उभी आहे, म्हणून इतकं वाकले.) तुझी तब्येत ठीक असेलच. वेधशाळेच्या डोंगरावर फार थंडी असते म्हणतात. सर्दी झाली असेल तर कळव, मला जरा बरं वाटेल. इकडे सगळे खुशाल.

मला तुझा हेवा वाटत नाही, हे आधीच लिहून टाकते. गुरूच्या आयो नावाच्या चंद्रावर ज्वालामुखी आहेत, त्यांची उष्णता तू भल्यामोठ्या दुर्बिणीने मोजतेस, पेपरात तुझा फोटो येतो, आणि माझी आई, म्हणजे तुझी मावशी, तो कापून चौकटीत घालते (माझ्या पदवीदानाच्या फोटोवर, कारण चौकट एकच होती). घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, काचेमागे मात्र तू. असो.

तर आपणही आयोवर लक्ष ठेवायचं असं मी ठरवलं. (हेव्याने नव्हे, विज्ञानासाठी.) मुख्याध्यापकांना तीन अर्ज करून शाळेची तीन इंची दुर्बीण घरी आणली आणि दिवाळीच्या आधीपासून रोज संध्याकाळी गच्चीवर उभी राहिले. तिच्यातून आयो म्हणजे गुरूला चिकटलेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. पण पहिल्याच दिवशी तो थरथरला! फुगला, विझला, पुन्हा पेटला. महिनाभर, दिसला की हेच. फक्त दोन संध्याकाळी तो अगदी गप्प होता, आणि पंचांग पाहिलं तर दोन्ही दिवशी अमावास्या! आक्का, मी पंचांग पुन्हा उघडून पाहिलं. तुमच्या साहेबांना जे सुचलं नाही ते मला कागलात सापडलं होतं. आपल्या अमावास्येला आयोचे ज्वालामुखी बंद पडतात! मी अकरा पानी निबंध लिहिला.

काल गुऱ्हाळवाले गणपतराव काकवी द्यायला आले. त्यांचं गुऱ्हाळ आमच्या गच्चीच्या पूर्वेला, भिंतीला लागूनच. मी त्यांना सगळा शोध समजावून सांगितला (कुणाला तरी सांगायलाच हवं होतं). त्यांनी तो शांतपणे ऐकला.

"मास्तरीणबाई, अमावास्येला आमचं चुलवाण बी बंद असतंय की."

"असेल. त्याचा आयोशी काय संबंध?"

"ते मला काय ठावं? पर तुमची नळी आमच्या धुराड्यावरनंच बघती न्हवं?"

आई आतून म्हणाली, "आक्कानं असलं कधी केलं नसतं."

गरम हवेतून पाहिलं की कुठलाही ठिपका नाचतो, हे मी स्वतः सातवीच्या वर्गात शिकवते. महिनाभर मी गणपतरावांच्या गुळावर नजर ठेवून होते.

तुला हसू यावं एवढ्यासाठीच हे लिहिलं. थंडीत सांभाळ.

तुझी (तरीही)
विमला

ता. क. तो निबंध मी सोमवारीच रजिस्टर पोस्टाने थेट तुमच्या साहेबांच्या नावे पाठवला आहे. खाकी पाकीट, वर आईने लावलेलं हळदकुंकू. त्यांनी फोडायच्या आत उचल. तुझ्या पाया पडते, आणि या वेळी आई शेजारी नाही.

आणखी ता. क. शेवटच्या पानावर "माझी मावसबहीण तेथेच आहे, परंतु तिच्या हे लक्षात आले नाही" असं एक वाक्य आहे. ते पान वाचू नकोस.

आणखी एक. निबंधाला खाली एक कागद टाचला आहे. तुमच्याकडच्या मदतनिसाच्या जागेसाठी माझा अर्ज. निबंध फाड, पण टाचणी हळू काढ आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर राहू दे. महिनाभर मी एकही संध्याकाळ चुकवली नाही, असं त्यात लिहिलं आहे. ते धुराड्यावरनं पाहिलं तरी खरंच आहे.